कुपी एक, भागीदार दहा

गावाची दारे बंद करावयास एक हुकूम पुरतो. ती पुन्हा उघडावयाची म्हटली म्हणजे मात्र हुकमाने भागत नाही. दुकानाची फळी दुकानदार काढील, शाळेचे कुलूप शिपाई काढील. पण त्या दुकानात ग्राहकाने निर्धास्तपणे शिरावे आणि त्या शाळेत आईने आपले मूल विश्वासाने धाडावे, यासाठी शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर भरवसा बसावा लागतो. कोरोनाच्या महासाथीत हा भरवसा कसा मोडला आणि कसा पुन्हा जुळला, याचा विचार या सदरात आज आपण करणार आहोत. त्यासाठी आपण नर्मदाकाठच्या जबलपूर शहरी जाऊ. जागतिक आरोग्य संघटनेने या आणीबाणीची अखेर ५ मे २०२३ रोजी जाहीर केली. तेव्हा आज ही कथा सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. ते प्रयोजन लेखाच्या अखेरीस आपल्या लक्षात येईल.

जबलपूर हे नाव मराठी घरांना परके नाही. १८१७ सालच्या अखेरीपर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. पुढे १८७० साली मुंबईहून आणि कलकत्त्याहून येणारे लोहमार्ग याच ठिकाणी एकमेकांस जुळले. रेल्वे, १९०४ सालचा तोफगाड्यांचा कारखाना, न्यायालये आणि विद्यालये यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती साडेदहा लाखांच्या वर मोजली गेली. तरीही त्याच्या जुन्या मोहल्ल्यांतून हिंडताना आपण मोठ्या नगरीत आहो असे वाटत नाही. प्रत्येक मोहल्ला म्हणजे एक लहानसे गावच. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे तेथे सांगावे लागत नाही.

जे गाव चहूंकडच्या वाटा जोडते, त्याला त्या वाटांनी येणारे सुख आणि संकट दोन्ही आधी भेटतात. २० मार्च २०२० रोजी मध्य प्रदेशातील कोरोनाचे पहिले चार रुग्ण आढळले ते जबलपुरातच. ते परदेशप्रवासाहून परतलेले होते. पुढच्या पाच दिवसांत, २५ मार्चपासून, साऱ्या देशाचे व्यवहार थांबले. सुदैवाने आदिवासींच्या आरोग्याचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८४ पासून याच शहरात आहे. आरंभीच्या दिवसांत मध्य प्रदेशात या रोगाची तपासणी करण्याची सोय मोजक्याच प्रयोगशाळांत होती, त्यांतील ही एक. संकटही आधी आले आणि ते ओळखण्याचे साधनही घराजवळ सापडले.

बंद काळाचे वर्णन आपणास नव्याने सांगण्याचे कारण नाही; आपण सर्वांनीच तो काळ काढला आहे. घाटावरची वर्दळ थांबली, सण घरापुरते झाले, लग्ने मोजक्या माणसांत उरकली, आणि एकाच भिंतीच्या दोन अंगांस राहणारी माणसे एकमेकांची विचारपूस दूरध्वनीवरून करू लागली. ज्याच्या घरी रोग शिरला त्याच्या दाराकडे लोक संशयाने पाहू लागले. रोग शरीराला होतो, पण त्याची भीती शेजारधर्माला होते. दूध देणारा दूध फाटकाबाहेर ठेवून जाऊ लागला. धुणेभांडी करणाऱ्या बाईला आपण येऊ नका म्हणून सांगितले. तिचा महिना चालू ठेवणारी घरे होती आणि न ठेवणारीही होती.

मग २०२१ चा एप्रिल उजाडला. दुसऱ्या लाटेने पहिलीला मागे टाकले. प्राणवायूसाठी रुग्णांचे नातलग वणवण हिंडू लागले. त्या महिन्याच्या अखेरीस बोकारोच्या पोलाद कारखान्यातून द्रवरूप प्राणवायूचे टँकर घेऊन रेल्वेची गाडी मध्य प्रदेशात आली, आणि त्यांतील प्राणवायू जबलपूरजवळच्या भेडाघाट स्थानकापर्यंत पोहोचला. ज्या भेडाघाटला लोक संगमरवराचे कडे आणि धुवांधार धबधबा पाहावयास जात, तेथे त्या दिवसांत श्वास उतरत होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. त्या महिन्यात ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांच्यासाठी ‘गाव उघडले’ हा शब्द पुढे कधीच पुरता आनंदाचा झाला नाही. ही आठवण ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

१ जून २०२१ पासून मध्य प्रदेशात व्यवहार टप्प्याटप्प्याने सुरू झाले. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. काय उघडावे आणि काय मिटलेले राहावे याचा विचार केवळ राजधानीत झाला नाही. जिल्हा, तालुका, ग्राम आणि शहरातील प्रभाग अशा पातळ्यांवर संकटनिवारणाचे गट नेमले होते. त्यांत अधिकाऱ्यांबरोबर लोकप्रतिनिधी आणि स्थानिक नागरिक बसत. आपल्या भागात रुग्ण किती, बाजाराची गर्दी किती, याचा हिशेब तेथे मांडला जाई. अशा गटांचे काम सर्वत्र सारखेच चोख झाले, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. तथापि त्यामागचे तत्त्व खरे होते. गल्ली कोणती अरुंद आहे आणि पाण्याच्या नळावर केव्हा झुंबड उडते, हे त्या गल्लीत राहणाऱ्यालाच ठाऊक असते.

दार उघडण्याची किल्ली मात्र एकच होती, ती म्हणजे लस. १६ जानेवारी २०२१ रोजी देशभर लसीकरणास प्रारंभ झाला. पहिला मान आरोग्यसेवकांचा, मागाहून पोलीस, सफाई कामगार आदी आघाडीच्या सेवकांचा. १ मार्चपासून साठीच्या पुढची माणसे आणि पंचेचाळिशीच्या पुढचे व्याधिग्रस्त, १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्वजण आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्व प्रौढ, असा हा क्रम होता. २१ जूनला अठरा वर्षांवरील सर्वांसाठी केंद्राची मोफत लस सुरू झाली. त्या एका दिवसात देशात ८० लाखांहून अधिक मात्रा दिल्या गेल्या, आणि त्यांतील १६ लाखांच्या वर एकट्या मध्य प्रदेशात. त्या मोहिमेत राज्यात कित्येक ठिकाणी घरोघर पिवळे तांदूळ देऊन लशीचे आमंत्रण करण्यात आले. आपल्याकडे लग्नमुंजीचे बोलावणे अक्षता देऊन करतात, त्यातलाच हा प्रकार. छापील सूचना वाचून जो मनुष्य जागचा हलत नाही, तो शेजारणीने हातावर अक्षता ठेवल्यावर नाही म्हणू शकत नाही. सरकारी कामाला घरगुती रीतीचा असा आधार मिळाला की त्याची गती वाढते.

आता या लेखाच्या शीर्षकाकडे वळू. आपल्यापैकी बहुतेकांनी जी लस घेतली तिच्या एका कुपीत दहा मात्रा असत; प्रत्येक मात्रा अर्ध्या मिलिलिटरची. न उघडलेली कुपी दोन ते आठ अंश सेल्सियसच्या थंडाव्यात ठेवावी लागे. एकदा उघडली की चार तासांच्या आत ती संपविणे भाग होते. उरले ते टाकून द्यावयाचे. म्हणून केंद्रावर दोन-तीनच माणसे आली असतील तर परिचारिका आणखी माणसे जमण्याची वाट पाही. ‘आणखी कोणी घरी असेल तर घेऊन या,’ असे ती म्हणे. त्या वेळी पुष्कळांना हा उगाच खोळंबा वाटला. पण क्षणभर विचार करा. आपण एकटे गेलो तर नऊ मात्रा वाया जाण्याची भीती. सासूबाईंना, समोरच्या काकांना, पोळ्या करणाऱ्या मावशींना बरोबर नेले तर एक थेंबही वाया जाणार नाही. दहा जणांनी मिळून घ्यावयाचे असे हे औषध होते. एका कुपीतले दहा भागीदार एकाच ज्ञातीचे, एकाच भाषेचे वा एकाच उत्पन्नाचे असावेत असा काही नेम नव्हता. रांगेत जो पुढे उभा आणि जो मागे उभा, तेच आपले भागीदार.

या भागीदारीत काहीजण मात्र सहज मागे राहत होते. नाव नोंदविण्याची सोय प्रथम मुख्यतः मोबाईलवर होती. ज्याच्या हाती तसा मोबाईल नाही, ज्याला इंग्रजी अक्षरे लागत नाहीत, ज्याचे आधारपत्र दूरच्या गावी राहिले, त्याने काय करावे? पुढे थेट केंद्रावर जाऊन नाव घालण्याची मुभा मिळाली खरी; तरीही ती मिळाली आहे हे त्याला सांगणार कोण? येथे घरातील तरुण मुलामुलींनी जे काम केले त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. शेजारच्या आजोबांचे नाव आपल्या मोबाईलवरून घालणे, दुसऱ्या मात्रेची तारीख पंचांगावर खूण करून ठेवणे, रिक्षा बोलावून त्यांना नेऊन आणणे, असे हे काम. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर तर दोनदा बदलले. आरंभी चार ते सहा आठवडे होते, मार्चमध्ये ते सहा ते आठ झाले आणि मे २०२१ मध्ये बारा ते सोळा. शिकलेल्या माणसाचाही जेथे गोंधळ होई, तेथे ज्याला वाचता येत नाही त्याच्या मनात शंका उठली तर तिला हट्ट म्हणणे न्यायाचे नाही.

आणि शंका ही काही आजची नव्हे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वीपणे दिलेली ती पहिली लस होय. तेव्हाही लोक बिचकले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. दुसऱ्याला सांगण्यापूर्वी आपला दंड पुढे करणे, याहून उत्तम प्रचार नाही. तथापि १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी त्यांच्या लशीच्या एका दूषित कुपीमुळे धनुर्वात होऊन १९ माणसे दगावली. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. दोष मूळ लशीचा नव्हता, हे १९०७ पर्यंत निर्विवाद ठरले. आणि १९२५ मध्ये मुंबईच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव देण्यात आले. परंतु गेलेले १९ जीव परत आले नाहीत, आणि लोकांचा उडालेला विश्वास परत यावयास वर्षे लागली.

यावरून आपण दोन गोष्टी शिकतो. शंका घेणाऱ्याला हसू नये, ही पहिली. लशीविषयी जे खरे आहे ते सर्व सांगावे, ही दुसरी. कोरोनाच्या लशीने दंड दुखे, एक-दोन दिवस ताप येई. फारच विरळ प्रसंगी रक्तात गाठी होण्याचा गंभीर विकारही आढळला. लस घेतलेल्याला पुन्हा संसर्ग होऊ शकतो, हे जानेवारी २०२२ च्या लाटेत घरोघर दिसले. मात्र रोग जीवावर बेतण्याचा संभव तिने पुष्कळच कमी केला, हेही तितकेच सत्य आहे. जो शेजारी एवढे सारे शांतपणे सांगतो, त्याचे म्हणणे लोक ऐकतात. ‘काहीच होत नाही’ असे सांगणाऱ्यावरचा विश्वास पहिल्याच तापाच्या रात्री उडतो.

आता शाळांकडे येऊ. गाव उघडणे म्हणजे काय याची खरी परीक्षा तेथे झाली. मध्य प्रदेशात १ सप्टेंबर २०२१ पासून सहावी ते बारावीचे वर्ग निम्म्या उपस्थितीने भरू लागले आणि २० सप्टेंबरपासून पहिली ते पाचवीचे. लहानग्यांची शाळा सुटून त्या वेळी दीड वर्ष होऊन गेले होते. ज्या मुलाने पहिलीत पाऊल टाकावयाचे, ते दुसरीत गेले तरी त्याने वर्ग पाहिलेला नव्हता. आईवडिलांकडून लेखी संमती मागविली जाई. त्या कागदावर सही करताना कित्येक आयांचा हात थबकला असेल, आणि त्याला सबळ कारण होते. कारण या मुलांसाठी तेव्हा लसच नव्हती. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना ती ३ जानेवारी २०२२ पासून मिळू लागली आणि बारा ते चौदा वयाच्यांना १६ मार्च २०२२ पासून. पहिली-दुसरीतील मूल शाळेत शिरले ते कोणत्याही लशीवाचून.

मग त्याचे रक्षण कोण करीत होते? लहान मुलांना हा रोग सहसा सौम्य होई, हे खरे. भीती होती ती मुलांमार्फत तो एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याची, आणि तेथील वृद्धांची. तेव्हा रक्षण होते ते भोवतालच्या मोठ्या माणसांचे. शिक्षकदिनापूर्वी शिक्षकांचे लसीकरण पुरे व्हावे म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना दोन कोटी जादा मात्रा देऊ केल्या. शिक्षक, शाळेचा शिपाई, मुलांना नेणारा रिक्षावाला, घरी वाट पाहणारी आजी, या सर्वांनी आपापला दंड पुढे केला म्हणून त्या मुलाला दप्तर पाठीला लावता आले. मुलांचे दार मोठ्यांनी उघडले. ज्याने लस घेतली त्याने ती केवळ स्वतःसाठी घेतली नव्हती. कोणा अनोळखी बालकाच्या आजीसाठीही घेतली होती. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशात दिलेल्या मात्रांची संख्या १०० कोटी झाली, आणि पुढे ती २२० कोटींच्या पलीकडे गेली. हे आकडे मोठे आहेत. पण ते झाले आहेत रिक्षात बसवून नेलेल्या एकेका आजीचे.

आता, वाचकहो, आरंभी राखून ठेवलेला प्रश्न. साथ ओसरली, मुखपट्ट्या कपाटाच्या तळाशी गेल्या. मग ही कथा आज कशासाठी?

ती अशासाठी की, सारे लक्ष एका रोगाकडे लागलेले असताना दुसरे रोग वाट पाहत होते. बंदच्या काळात कित्येक बालकांच्या नेहमीच्या लशी चुकल्या. दवाखान्यात जाण्याची भीती, वाहनांचा अभाव, आरोग्यसेविकांवर पडलेला कामाचा बोजा, अशी त्याची कारणे होती. त्याचे फळ २०२२ च्या अखेरीस मुंबईत दिसले. गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत गोवराची साथ पसरली आणि लहान मुले दगावली. गोवर काही नवा रोग नव्हे. त्याची लस आपल्या देशात कित्येक वर्षे मोफत मिळते. तेथे उणीव औषधाची नव्हती. चुकलेली मात्रा आठवून देणारे, हाताला धरून केंद्रावर नेणारे कोणी पुरेसे उरले नव्हते. २०२१ साली आजोबांचे नाव नोंदविणारे हात २०२२ साली शेजारच्या तान्ह्या बाळापर्यंत पोहोचले नाहीत.

म्हणून आज एवढे करावे. घरात लहान मूल असेल तर त्याचे लसीकरणपत्र काढून पाहावे. जन्मतः क्षयाची, पोलिओची आणि काविळीची लस. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या मात्रा. नऊ महिने पुरे झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी. पाच-सहा वर्षांचे असताना घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांची वर्धक मात्रा. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस. यांतील एखादी चुकली असेल तर ‘आता वेळ गेली’ असे समजून स्वस्थ बसू नये. जवळच्या आरोग्यकेंद्रात पत्र दाखवावे. कोणती मात्रा अजून देता येईल ते तेथे सांगतील. आपल्या घरचे पत्र पुरे असेल तर शेजारच्या घरचे विचारावे. आपल्याकडे कामास येणाऱ्या बाईंच्या नातवाचे विचारावे, समोर चाललेल्या बांधकामावरील मजुरांच्या मुलांचे विचारावे. त्यांना केंद्राचा वार आणि वेळ ठाऊक नसेल तर ती सांगावी, आणि शक्य असेल तर बरोबर जावे.

हे करताना आपण फार मोठे समाजकार्य करीत आहो असे मानण्याचे कारण नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने याच जुन्या मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात घरेच्या घरे ओस पाडली. त्याचा तडाखा ज्या प्रदेशांस सर्वाधिक बसला त्यांत हा मुलूख होता, आणि १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या गणनेहून कमी भरली. तेव्हाच्या माणसांजवळ त्या रोगावर लस नव्हती. होता तो एकमेकांचाच आधार. आपणाजवळ दोन्ही आहेत. मोफत लस दारापर्यंत आणण्याचे काम शासनाचे. दारापासून दंडापर्यंतचे अंतर मात्र शेजाऱ्यानेच पार करावयाचे असते.

गोवराच्या लशीची कुपीही एकाच बालकापुरती नसते. तीही अनेकांसाठी असते आणि उघडली की ठराविक तासांत संपवावी लागते. आपल्या गल्लीतील पुढची कुपी ज्या दिवशी उघडेल, त्या दिवशी तिचे सर्व भागीदार रांगेत हजर असावेत, इतकेच मागणे आहे.